सीटखालचा घोडा

२८ सप्टेंबर, रविवार

ही वही ताईने दिली. पायलट लोक आपले उडायचे तास लिहितात ना, ती. आडवे रकाने आहेत. तारीख, विमान, किती तास, शेरा. ताई बोलली, "मी माझे तास लिहिते, तू तुझ्या शरारती लिही. शंभर झाल्या की लायसन्स देईन."

मी मराठीत लिहिणार. हजीऱ्यातल्या माझ्या हिंदीवाल्या दोस्तांच्या हाती लागली तरी त्यांना अर्धंच कळेल.

तर मी पुष्कर. उमर एकोणीस. बारावीला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसायची घाई नाही. ताई म्हणजे प्रांजली, बावीस. शहराबाहेर हवाई पट्टी आहे, तिथल्या क्लबात विमान शिकते. आता एकटीला पण उडवायला देतात. घरात आम्ही चौघं, त्यात एकाच्याच डोक्यात दिमाग आहे आणि ते बाबांना पण माहीत आहे.

जुन्या शरारती अंदाजाने मोजल्या, साठ झाल्या. शरारत नं. ६१ आजची. बाबांच्या मोबाइलची रिंगटोन बकरीची करून दिली. त्यांना बदलता येत नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

बाबांच्या ऑफिसात साहेबांच्या मीटिंगमध्ये बकरी ओरडली. बाबांनी मला सगळ्या गल्लीत पळवलं. ताई गच्चीवरून कॉमेंट्री करत होती.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी शस्त्रपूजा. आमच्याकडे शस्त्रं म्हणजे एक तलवार. म्यानातून बाहेर काढायला बाबांना दोन मिनिटं आणि थोडं खोबरेल तेल लागतं. आणि खंडोबाचा पितळी घोडा, अंगठ्याएवढा. बाबांच्या पणजोबांचे पण कोणीतरी रिसाल्यात होते, ते लढाईला जाताना हा घोडा कमरेच्या शेल्यात बांधून न्यायचे. ह्या घोड्याबरोबर गेलेला माणूस घरी परत येतोच, हे बाबा प्रत्येक लग्नात सांगतात. वरात थांबवून सांगतात.

आईने घोडा लाल कपड्यात गुंडाळून ताईसमोर धरला. "हा तुझ्या विमानात ठेव."

"आई, कॉकपिटमध्ये सुटी वस्तू नेत नाहीत."

"वस्तू? देव आहे तो."

"मग देवाला पण बेल्ट बांधावा लागेल."

मला खूप हसू आलं. आईला नाही आलं. तिने घोडा पर्समध्ये टाकला.

दुपारी क्लबात विमानांची पूजा होती, सगळ्यांच्या घरचे आले होते. विमानांना झेंडूच्या माळा. एकदम लग्नाच्या गाड्या वाटत होत्या. ताईबरोबर शिकतो तो अपूर्व, दर्पण कॉलनीतला, त्याची आई शामलाकाकू प्रत्येक विमानाला कुंकू लावत फिरत होत्या. अपूर्व ठेंगणा आहे. समोरचं दिसावं म्हणून विमानात घरची गादी घेऊन बसतो. मी त्याला उंच टाचांचे बूट घे बोललो. त्याने गादी फेकून मारली. शरारत नं. ६२.

मग आईने मला बाजूला ओढलं. "दिवसभर एवढ्या शरारती करतोस, एक माझ्यासाठी कर."

मी फोटो काढायचा म्हणून ताईच्या विमानात चढून बसलो. सीटखाली हात घातला तर एक फट लागली. लाल कपडा तिच्यात खोचून दिला. घट्ट बसला.

ह्याला नंबर देत नाही. हे आईचं काम होतं. घरी येऊन आई पोटभर जेवली. ताईने एकटीने उडायला सुरुवात केल्यापासून पहिल्यांदाच बघितलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

शरारत नं. ६३. बाड्यावरच्या बाजारातून रबराची पाल आणली. ताई आकाशाला घाबरत नाही, पालीला घाबरते. तिच्या बॅगेच्या बाजूच्या खिशात ठेवली, तिथे ती बिस्किटं ठेवते. उद्या सकाळी तिची एकटीची उडान आहे. शेपूट थोडं बाहेर ठेवलंय.

९ ऑक्टोबर

ताई गेली.

सकाळी बाबांच्या मोबाइलवर बकरी ओरडली. क्लबातून फोन होता. 

१२ ऑक्टोबर, रविवार

लिहितो. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

विमान पट्टीच्या पलीकडे बाजरीच्या शेतात पडलं. वर चढलं, वळलं, आणि मग नाक खाली ते खालीच. शेतातल्या माणसाने बघितलं. तो बोलला, आवाज चांगला होता, मशीन बंद नव्हती पडली. सगळे विचारतात, मग झालं काय?

मला माहीत आहे काय झालं. वर गेल्यावर तिने बिस्किटासाठी बॅगेत हात घातला.

बाबांची रिंगटोन मी त्याच दिवशी बदलली. त्यांना कळलं पण नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दिल्लीहून अपघातांचा तपास करणारे सरकारी लोक आलेत. त्यांच्या मोठ्या मॅडम गरिमा. घरी आल्या, चपला बाहेर काढून सतरंजीवर बसल्या. मॅडम हिंदीत बोलतात, मी आपल्या भाषेत लिहितो, थोडं इकडेतिकडे होईल.

बाबांनी विचारलं, "कोणाला पकडणार?"

"मी पोलीस नाही. कोणी केलं, असा रकानाच नसतो माझ्या फॉर्ममध्ये. काय झालं आणि परत कसं नाही होणार, बस एवढंच."

त्यांनी ताईचं विचारलं. झोप किती, जेवण काय, चष्मा होता का, कोणाशी भांडण, औषध. आईने ताईला काय काय आवडायचं ते सांगायला सुरुवात केली, आणि मॅडमनी ते पण सगळं लिहून घेतलं. शेवभाजी पण.

जाताना माझ्याकडे बघून बोलल्या, "काही आठवलं तर ये. तिथेच आहे मी."

म्हणजे चेहऱ्यावर दिसतंय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

गेलो. वाटेत दोनदा स्कूटी परत फिरवली.

हँगरच्या फरशीवर त्यांनी खडूने पूर्ण विमान काढलंय. खऱ्या मापाचं, लहान मुलं लंगडीचे चौकोन काढतात तसं. शेतातून एकेक तुकडा आणतात आणि खडूच्या विमानात त्याच्या जागेवर ठेवतात. पंख पंखाच्या जागी, चाक चाकाच्या जागी. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. जिथे अजून काही मिळालं नाही तिथे नुसता खडू. मी ताईच्या सीटच्या जागेकडे बघितलं नाही.

मॅडमना सांगून टाकलं. पाल, बॅग, बिस्किट. रडत रडत सांगितलं. त्या हसल्या नाहीत, चिल्लावल्या नाहीत. उठल्या आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या.

"तुझ्या दीदीची बॅग विमानात नव्हतीच. इथे लॉकरमध्ये होती. आम्ही विचारच करत होतो ही काय भानगड आहे."

पिशवीत माझी पाल. तिच्या शेपटाला ताईने कागद बांधला होता. ताईचंच अक्षर. "नं. ६३ फेल. घरी येऊन बघते तुला."

मी तिथेच फरशीवर बसलो.

मॅडमनी पाणी दिलं. मग लिहायचं पॅड घेऊन विचारलं, "विमानात आणखी काही होतं? घरचं काही सामान? एखादी सुटी वस्तू?"

मी बोललो, नाही. सामान काहीच नव्हतं.

परत येताना हजीऱ्यावर दोन कचोऱ्या खाल्ल्या. सात दिवसांनी भूक लागली. खाऊन झाल्यावर स्वतःची शरम वाटली, पण खाल्ल्या. मी नाही मारलं. मी नाही.

आईला सांगितलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग हळूच विचारलं, "घोडा सापडला का रे?"

"विचारलं नाही."

"विचार. त्याला उघड्यावर नको ठेवू."

२१ ऑक्टोबर, मंगळवार

तेरावा. बाहेर गल्लीत कालपासून फटाके, आज पण. शेजारच्यांनी पोरांना आमच्या दारासमोर वाजवू नका म्हणून सांगितलंय, म्हणून पोरं चार घरं पुढे जाऊन वाजवतात आणि दर वेळी मागे वळून बघतात. आकाशकंदील ताईने मागच्या वर्षीचाच जपून ठेवला होता, माळ्यावर. तिथेच आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मॅडमनी बोलावलं. एकट्याला.

खडूचं विमान जवळजवळ भरलंय. मधल्या भागाजवळ एक टेबल, टेबलावर एक लोखंडी दांडा. मॅडम बोलल्या, पायलट हातातली काठी मागे ओढतो तेव्हा सीटखालून हा दांडा सरकतो, शेपटीपर्यंत ताण जातो, मग विमानाचं नाक वर होतं. दांड्यावर पिवळा ओरखडा होता. बोटभर लांब. सोन्यासारखा चमकत होता.

"हे लोखंड आहे. लोखंड पिवळं नसतं. ही पितळ आहे. पूर्ण विमानात ह्या जागी पितळ कुठेच नसते. मी दहा दिवस शोधत होते ही आली कुठून."

मग त्यांनी एक छोटी डबी उघडली.

पुढचा एक पाय वाकला होता. कपडा नव्हता. बाकी आपलाच घोडा.

मॅडम सांगत होत्या, मी ऐकत होतो की नव्हतो माहीत नाही. आधी कुठेतरी घट्ट बसला असेल. मग रोज विमान उडालं, रोज धक्के बसले, रोज थोडा थोडा सरकला. आठ तारखेला हेच विमान अपूर्व उडवून आला, त्याला काही झालं नाही. नऊ तारखेला दांड्याच्या वाटेत आला. ताईने काठी ओढली, ती आलीच नाही. "तिने शेवटपर्यंत ओढली. दोन्ही हातांनी. काठीवर खुणा आहेत. तिची काही चूक नव्हती, घरी सांग."

मग विचारलं, "ओळखतोस?"

माझ्या डोळ्यांसमोर आई आली. पोटभर जेवणारी.

मी बोललो, "मी ठेवला होता. मजाक म्हणून. ताईला न सांगता."

"मजाक?"

"मला सवय आहे. कोणालाही विचारा."

मॅडमनी लिहायचं पॅड जवळ ओढलं. "पक्का मजाक होता?"

"पक्का."

"ठीक आहे. मजाक असेल तर मी लिहीन की हँगरला कुलूप पाहिजे, बाहेरचे लोक विमानापर्यंत जायला नको. दुसरं काही कारण असतं तर दुसरं काही लिहावं लागलं असतं." मग पेन बंद करून बोलल्या, "कारण चुकीचं असलं ना, तर इलाज पण चुकीचा होतो."

मला काय, कुलूप तर कुलूप.

३० ऑक्टोबर, गुरुवार

घरी पण तेच सांगितलं. मी देवघरातून घोडा उचलला, मजाक केला.

बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, तलवार भिंतीवरून काढली आणि कपाटात वरती कपड्यांच्या मागे सरकवून दिली. मग ऑफिसला निघून गेले.

आई ओट्यापाशी उभी होती, पाठ माझ्याकडे. दूध उतू गेलं, तिने गॅस बंद केला नाही. मी केला. मला वाटतं तिला नीट समजलंच नाही मी काय बोललो ते. बरंच आहे.

शरारत नं. ६४ लिहिणार होतो. लिहिली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

दहा दिवस झाले, बाबा माझ्याशी बोलत नाहीत. गल्लीत सगळ्यांना कळलंय. ज्यांच्या दाराच्या घंटा वाजवून मी पळायचो, ते आता मला बघून दार लावतात. कोणी विचारत पण नाही खरं की खोटं. माझ्यावर चटकन बसतं ते.

आई देवपूजा करत नाही. विचारलं तर बोलते, गुडघे दुखतात. माझ्या ताटात रोज जास्त वाढते. मी जेवतो तोपर्यंत समोर बसते, तोंड उघडते, परत मिटते. आजारी आहे बहुतेक.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं लिहितो, आजचं सगळं.

दुपारी शामलाकाकू आल्या. सोमवारपासून क्लबात परत उडायला सुरुवात होणार, अपूर्व पण जाणार. काकू माझ्याकडे न बघता आत गेल्या. मी दाराबाहेर पाणी भरत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"अहो, मला झोप नाही हो. तेच विमान आदल्या दिवशी माझ्या अपूर्वने उडवलं होतं. देवानेच वाचवला. म्हणून मी आता चांदीचा गणपती त्याच्या गादीत शिवलाय, सराफ्यातून आणून. तो बसतो ना, त्या गादीत. त्याला पण नाही सांगितलं."

आईने कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मागच्या बाजूने उसवली आणि शिवली. दोनच टाके आहेत, पण बसतील."

"उसवा," आई बोलली.

"काय?"

"ती गादी उसवा, शामलाताई. आज. आत्ता घरी जाऊन."

काकूंना राग आला. "तुमच्याकडे पोराने मस्करी केली म्हणून असं झालं. माझी मस्करी नाही, माझा भाव आहे."

बादली भरून वाहायला लागली. मग आई बाहेर आली. त्याच साडीवर, पदर पण नीट न करता. "पुष्कर, गाडी काढ."

"कुठे?"

"त्या मॅडमकडे. आणि शामलाताई, तुम्ही पण चला. रिक्षाने या मागून."

हँगरला आता नवीन कुलूप आहे. वॉचमनने नाव लिहून घेतलं. मॅडम सामान बांधत होत्या, उद्या दिल्लीला जाणार होत्या. आई खडूच्या विमानासमोर जाऊन थांबली. तिने ते पहिल्यांदा बघितलं. सीटच्या जागेजवळ वाकली, हात लावणार होती, लावला नाही.

मग उभी राहून बोलली, "मॅडम, घोडा मी दिला होता. हा खोटं बोलतोय. मुलगी नको बोलली होती, सुटी वस्तू नेत नाहीत बोलली होती. मी ऐकलं नाही. मी ह्याला सांगितलं, लपवून ठेव. ह्याने जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं."

मी बोललो, "आई, नको ना."

"तू गप्प बस. सोळा दिवस तुला बोलू दिलं मी." मग मॅडमना बोलली, "पोरगा माझ्यासाठी शिव्या खात होता आणि मी खाऊ देत होते. आई आहे मी त्याची पण."

तेव्हा मला कळलं, ती आजारी नव्हती.

शामलाकाकू दारात उभ्या होत्या, भिंतीला धरून.

मॅडमनी खुर्ची दिली, आई बसली नाही. मॅडमनी फाइलमधून एक कागद काढला, त्याच्यावर आडवी रेघ मारली. "मला वाटत होतंच. मजाक करणारा कपड्यात गुंडाळून नाही ठेवत. घोड्याच्या पोटाखाली लाल धागे अडकले होते." मग विचारलं, "आता तुम्हीच सांगा, काय लिहू? विमानात देव न्यायला बंदी?"

आईने डोकं हलवलं. "बंदी केली तर आया अजून आत शिवतील." काकूंकडे बघितलं पण नाही तिने. "दारात एक कोनाडा करा. साधा, लाकडी. पोर वर जाईल तेव्हा आईने देव तिथे ठेवायचा. पोर परत आलं की ज्याचा त्याने उचलून घरी न्यायचा. देव दारात थांबेल. त्याला काय घाई आहे?"

मॅडमनी ते लिहून घेतलं. शब्द न् शब्द. एकदा विचारलं, कोनाडा म्हणजे हिंदीत ‘आला’, तोच ना? आणि परत लिहायला लागल्या. त्या लिहिताना नाक ओढत होत्या, सर्दी असेल.

काकूंनी तिथूनच अपूर्वला फोन लावला. "गादी उसव. का ते नंतर. आधी उसव."

परत येताना आईने माझ्या खांद्यावर हात नाही ठेवला. शर्ट मुठीत धरला होता, मागून, पूर्ण रस्ताभर. हजीऱ्याच्या चौकात गाडी थांबली तेव्हा बोलली, "तिने दोन्ही हातांनी ओढली होती ना?"

"हो."

"लहानपणी डब्याचं झाकण पण तसंच उघडायची."

संध्याकाळी तिने बाबांना आतल्या खोलीत सगळं सांगितलं. मला आवाज आला नाही. थोड्या वेळाने बाबा बाहेर आले, माझ्या शेजारी बसले, त्यांचा मोबाइल माझ्या हातात दिला.

"ती बकरी परत लाव," ते बोलले. "ती हसली होती त्याच्यावर."

१८ जानेवारी, रविवार

काही लिहिण्यासारखं नसतं म्हणून लिहीत नाही. क्लबात आता उडायच्या आधी सीटखाली हात फिरवून बघतात, दोघांनी बघायचं, दोघांनी सही करायची. अपूर्वने सांगितलं. गादीला पण आता चेन लावलीय, उघडून दाखवायची.

आईने पूजा परत सुरू केली. देवघरात घोड्याच्या जागेवर फूल नाही ठेवत. रिकामीच ठेवते.

२२ मार्च, रविवार

घोडा दिल्लीहून परत आला, डबीत, चिठ्ठी बांधलेला. तपासाचं काम झालं असं कागदावर लिहिलंय. रिपोर्टची एक प्रत पण आहे. त्यात ताईचं नाव कुठेच नाही, आईचं नाही, माझं नाही. नुसतं वैमानिक, आणि पितळेची सुटी वस्तू. मी तीनदा वाचली. शाळेत काही तीनदा वाचलं नव्हतं मी.

बाबा बोलले, पाय सरळ करून आणू सराफ्यातून. आई बोलली, राहू दे तसाच.

मग आम्ही तिघं क्लबात गेलो. हँगरच्या दाराजवळ भिंतीत खरंच कोनाडा केलाय, सागाचा, छोटे छोटे खण. आज सात विमानं उडणार होती, सात खणांत देव होते. शामलाकाकूंचा गणपती, एक बजरंगबली, एक कोणाच्या तरी आजोबांचा फोटो, एक दर्ग्याचा हिरवा धागा, बाकीचे मला ओळखता नाही आले. आईने आठव्या खणात घोडा ठेवला. वाकडा पाय भिंतीकडे केला.

मी बोललो, "आई, आपलं तर कोणी उडत नाहीये." ती बाकाकडे निघाली. आम्ही बाकावर बसून राहिलो. विमानं गेली, आली. बाबा वर बघत होते, पण नजर त्या शेताकडे जाऊ देत नव्हते.

सूर्य खाली आला तसं एकेक जण उतरून आला आणि आपला देव घेऊन गेला. अपूर्वने गणपती शर्टाच्या खिशात टाकला, आईच्या पाया पडला, माझ्या पाठीत हळूच एक धपका घातला आणि गेला. सातही खण रिकामे झाले.

वॉचमन शटर ओढायला आला. कोनाड्याकडे बघून बोलला, "ये घोड़ा किसका है? ले जाइए, बंद करना है."

आई उठली नाही. बोलली, "रहने दो, भैया. इसवाली अभी उतरी नहीं है."